प्रकाशाच्या पुढे जा. पण भाडे भरून!

अंतराळकथा लिहिणाऱ्या माझ्या बंधुभगिनींवर माझा एक आरोप आहे, आणि तो मी ऐन दिवाळीत, फराळाचे ताट साक्षीला ठेवून करीत आहे. आरोप असा की, ही मंडळी विनातिकीट प्रवास करतात. त्यांचा नायक सकाळी पृथ्वीवर चहाचा पेला रिकामा करतो, यानात बसून एक लाल कळ दाबतो, आणि दुपारच्या आत कुठल्याशा परक्या सूर्याच्या ग्रहावर उतरून तिथल्या राजकन्येशी गुलुगुलू बोलू लागतो. मधले अंतर कुठे गेले? ते कापायला लागलेली शक्ती कुणी पुरवली? घरी राहिलेल्या आईचे वय तेवढ्यात किती वाढले? लेखक यावर एकच वाक्य फेकतो: ‘यान प्रकाशाहून वेगवान होते.’ संपले! तिकीट तपासनिसाला चुकवून फाटकाबाहेर पडणाऱ्या उताऱूच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, तेच या वाक्यात मला दिसते.

कुणी विचारील, हा सांगणारा कोण? मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते, व्यवसाय मास्तरकीचा, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. पण याच दोन धंद्यांमुळे मला एक गोष्ट नीट ओळखता येते. मुलगा गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उतरवतो तेव्हा मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. लेखक लबाडी करतो तेव्हाही नेमक्या मधल्याच पायऱ्या गाळलेल्या असतात.

आधी अंतर किती आहे ते पाहू. प्रकाश एका सेकंदात २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे ढोबळ मानाने तीन लाख किलोमीटर जातो. तेवढ्यात त्याच्या पृथ्वीभोवती साडेसात प्रदक्षिणा होतील. चंद्रापर्यंत त्याला सव्वा सेकंद लागतो आणि सूर्यापासून आपल्या अंगणात यायला सव्वाआठ मिनिटांच्या वर. पण सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा, ज्याला प्रॉक्झिमा म्हणतात, तो सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. ‘व्हॉयेजर १’ हे यान १९७७ साली निघाले. ते सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने अजून चाललेच आहे. ते त्या ताऱ्याच्या रोखाने गेले असते, तर पोचायला पंचाहत्तर हजार वर्षे लागली असती. माणसाने केलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे सूर्याजवळून जाणारे ‘पार्कर’ यान. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने सेकंदाला एकशे ब्याण्णव किलोमीटरचा वेग गाठला. म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा दीड हजारावा भागसुद्धा नाही! हे आहे ते भाडे. हे बुडवायचे, आणि वर वीररसाचे वर्णन करायचे!

भाडे बुडवल्याने नुकसान कुणाचे होते, हे मला विद्वानांनी नव्हे, माझ्या वर्गातल्या मुलांनी दाखवले. गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलामुलींनी एक खेळ मांडला. पाच गट, पाच काल्पनिक राष्ट्रे आणि एक जाडजूड खतावणी. दर शनिवारी एका गटाने दोन पाने लिहायची. जे लिहिले ते घडले, दुसऱ्याने ते खोडायचे नाही. विषय, अंतराळाची शर्यत. पहिल्या गटाने यान बांधून प्रॉक्झिमा गाठला. दुसऱ्या गटाने ताबडतोब प्रकाशाच्या हजारपट वेगाचे यान काढले आणि देवयानी दीर्घिकेवर झेंडा रोवला. तिसऱ्या गटातली एक चुणचुणीत मुलगी उठली. तिने फळ्यावर भागाकार मांडला आणि म्हणाली, ‘‘सर, देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे. हजारपट वेगाने गेले तरी यांचा झेंडा लागायला अडीच हजार वर्षे आहेत!’’ वर्ग हसून लोटपोट. चौथ्या गटाने हसे टाळण्यासाठी दहा लाखपट वेग लिहिला. पाचव्या गटाने त्याहून सोपा मार्ग काढला: ‘आम्ही तिथे आधीपासूनच होतो.’

सहाव्या शनिवारी खतावणी कोरीच परत आली. लिहायला काही उरलेच नव्हते! अंतर संपले तशी शर्यत संपली. शर्यत संपली तशी गोष्टही संपली. माझ्या साऱ्या प्रतिपादनाचे सार या कोऱ्या पानात आहे. एकट्याने लिहिलेल्या कादंबरीत लेखक आपली लबाडी आपल्याच पानांत दडवू शकतो. पण जिथे पाच जण मिळून एकच गोष्ट रचतात, तिथे एकाची फुकटेगिरी बाकीच्या चौघांच्या मेहनतीची माती करते.

आता खऱ्या शर्यतीकडे पाहा. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुत्निक उडाला. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून आला. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. या तीन तारखा सगळ्यांना पाठ असतात. पण त्यांच्या मधली पाने कशाने भरली आहेत? जानेवारी १९६७ मध्ये अपोलोच्या चाचणीत जमिनीवरच आग लागून तीन अमेरिकन अंतराळवीर प्राणास मुकले. त्याच एप्रिलमध्ये परतताना हवाईछत्री न उघडल्यामुळे रशियाचा कोमारोव गेला. चंद्रासाठी बांधलेले रशियाचे प्रचंड अग्निबाण १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवले आणि चारही वेळा फसले. आपल्याच डोळ्यांदेखतची शर्यत घ्या. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला निघाले. आपला अग्निबाण थेट चंद्राकडे फेकण्याइतका ताकदवान नव्हता. म्हणून यानाने पृथ्वीभोवती फेऱ्या वाढवत वाढवत, गोफणीतल्या दगडासारखा वेग घेत, चाळीस दिवसांनी चंद्र गाठला. रशियाचे लुना-२५ त्याच्या मागून, ११ ऑगस्टला निघाले, थेट वाटेने आधी पोचायला निघाले, आणि १९ ऑगस्टला चंद्रावर आदळले. २३ ऑगस्टला आपण अलगद उतरलो. जे चाळीस दिवस सारा देश नखे खात बसला होता, ते चाळीस दिवस म्हणजेच ती गोष्ट. एका कळीसरशी यान पोचले असते, तर पेढे वाटायची आठवण तरी कुणाला झाली असती का?

‘मग मास्तर, प्रकाशाची वेस ओलांडूच नये की काय?’ असे कुणी विचारील. ओलांडा, जरूर ओलांडा! माझे म्हणणे एवढेच, की वेस ओलांडताना कुठला नियम मोडता आहात हे आधी जाहीर सांगा, आणि तो एकच मोडा.

हे नियम कोणते ते थोडक्यात सांगतो. १९०५ साली आइनस्टाइनने सांगितले की, प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच दिसतो; त्यासाठी प्रत्येकाचे घड्याळ आणि प्रत्येकाची मोजपट्टी बदलायला तयार असते. प्रकाशाच्या शेकडा नव्याण्णव वेगाने प्रॉक्झिमाला निघालेल्या प्रवाशाला वाटेत सुमारे सात महिने लागतील. पृथ्वीवर मात्र सव्वाचार वर्षे उलटलेली असतील. ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ दोघांचा वेगवेगळा होतो. जोवर निरोप प्रकाशाच्या आतल्या वेगाने जातात, तोवर हे भांडण निरुपद्रवी असते; आधी पत्र आणि मग उत्तर, हा क्रम कुणालाही उलटा दिसत नाही. पण प्रकाशाहून वेगवान टपाल सुरू झाले, की असा कोणी प्रवासी निघतोच ज्याला पत्र टाकण्याआधी पोचलेले दिसते. त्याने त्याच टपालाने उत्तर धाडले, तर ते मूळ पत्र लिहिण्याआधीच तुमच्या हाती पडू शकते! मग तुम्ही ते पत्र लिहिलेच नाहीत तर? कारण आधी आणि कार्य नंतर, हा संसाराचा पायाच ढासळला.

म्हणून तीन वस्तू एका पिशवीत मावत नाहीत: आइनस्टाइनची सापेक्षता, कार्यकारणाचा क्रम आणि प्रकाशाहून जास्त वेग. कोणत्याही दोन घ्या, तिसरी दुकानात ठेवून या. जो लेखक तिन्ही घेऊन दुकानाबाहेर पडतो, त्याला माझ्या शाळेत तरी उचल्या म्हणतात.

आमच्या मुलांनी खतावणी पुन्हा उघडली ती या बोलीवर. त्यांनी दोन वाटा तपासल्या. पहिली वाट मेक्सिकोच्या मिगेल अल्कुबिएरे या शास्त्रज्ञाची. १९९४ साली त्याने गणिताने दाखवले की, यान जागच्या जागी स्थिर ठेवून त्याच्या पुढचे अवकाश आकुंचित करायचे आणि मागचे पसरायचे. म्हणजे अवकाशाचा बुडबुडाच यानाला घेऊन पुढे जातो. समीकरणांना हे मान्य आहे. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते. ऋण ऊर्जा म्हणजे नुसती उधारी नव्हे, तर शून्याच्याही खालची ऊर्जा. १९४८ साली कॅसिमिरने तिची पुसट चाहूल दोन धातूंच्या पत्र्यांमधल्या पोकळीत लागेल असे सांगितले होते. पण १९९७ मध्ये हिशेब झाला तेव्हा एका यानापुरत्या बुडबुड्याला दृश्य विश्वातल्या साऱ्या वस्तुमानाहूनही जास्त ऊर्जा लागते असे निघाले. पुढे इतरांनी तो आकडा पुष्कळ खाली आणला, पण आवाक्यात कोणी आणला नाही. शिवाय आत बसलेल्याचा इशारा बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे सारथी आहे, पण लगाम हाती नाही! मार्ग आधीच कोणीतरी आखून ठेवायला हवा.

मुलांना ही अडचण फार आवडली, याचे तुम्हाला नवल वाटेल. मला वाटले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती मैदानातून. बोरघाट चढून जायला १८६३ उजाडले. आधी बोगदे खणावे लागले, पूल बांधावे लागले, मजुरांची माणसे मरावी लागली. इंजिन तयार असून भागत नाही, रूळही लागतात, हे घाटाखाली वाढलेल्या पोरांना शिकवावे लागत नाही.

दुसरी वाट बोगद्याची, आणि हीच अखेर त्यांनी पत्करली. अवकाशाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या अशा बोगद्याची कल्पना आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली मांडली. खेळातला नियम असा: बोगद्याची दोन्ही दारे पृथ्वीजवळच तयार होतात. त्यातले एक दार साध्या यानावर लादून, प्रकाशाच्या आतल्या वेगाने, ताऱ्यापर्यंत वाहून न्यायचे. यानाचा वेग प्रकाशाच्या एक दशांश धरला, तर प्रॉक्झिमाला लागतील बेचाळीस वर्षे. दार एकदा पोचले, की मागून येणारा एका पावलात तिकडे जाईल. पण ज्यांनी ते पाठवले ते तोवर म्हातारे झालेले असतील. उंबरठा ओलांडतील ती त्यांची नातवंडे. जितका माल तिकडे गेला तितका वजनाने परत आलाच पाहिजे, नाहीतर दार डळमळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम: दोन राष्ट्रांची दारे मिळून कालाच्या मागे नेणारा फेरा होऊ लागला, की दोघांचीही दारे कोसळतील.

हे शेवटचे कलम मुलांच्या मनचे नाही. असा बोगदा कालयंत्र होऊ शकतो, हे किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले; आणि निसर्ग असा फेरा पुरा होऊ देणार नाही, असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडला. तो सिद्ध झालेला नाही, पण खेळाला पुरेसा आहे. आणि त्याने खेळात काय घडवले ते पाहा! शेजाऱ्याने आपले दार कुठे नेले हे ठाऊक नसेल, तर तुमचेही दार धोक्यात. मग वकील आले, तह आले, चोरून नकाशे पाहणारे हेर आले. पाचव्या गटाने तर आपले दार मुद्दाम अडचणीच्या जागी नेऊन बाकीच्यांना खंडणी मागितली. ज्या खतावणीत सहाव्या शनिवारी शाई पडत नव्हती, ती दिवाळीच्या सुटीआधीच भरून दुसरी आणावी लागली.

यावर तीन आक्षेप येतात, ते मोडून काढल्याशिवाय मला फराळ गोड लागणार नाही.

पहिला आक्षेप कवींचा: ‘कल्पनेला कुंपण कशाला?’ अहो, कबड्डीत मधली रेघ पुसा आणि दम धरायची अट काढून टाका. उरेल ती नुसती धक्काबुक्की. ओवी, अभंग, लावणी यांना बंधन आहे म्हणून ती कानात राहते. कुंपणाची चीड त्यालाच येते, ज्याला उडी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप पंडितांचा: ‘शास्त्राने मनाई केली आहे, मग हा पोरखेळच नको.’ या मंडळींना मी दोन गोष्टी सांगतो. १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी असा प्रश्न विचारला, की जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असलेले कण असले तर सापेक्षतेची हरकत काय? पुढे १९६७ मध्ये फाइनबर्गने अशा कणांना ‘टॅकिऑन’ नाव दिले. ते कुणाला सापडलेले नाहीत, पण विचारणारे सुदर्शन हे केरळातून आलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले जगन्मान्य शास्त्रज्ञ होते. त्यांनी हा पोरखेळ मानला नाही. दुसरी गोष्ट कार्ल सेगन यांची. आपल्या ‘कॉन्टॅक्ट’ या कादंबरीत नायिकेला दूरच्या ताऱ्याकडे न्यायचे होते. त्यांनी लाल कळ दाबली नाही; मित्राला, म्हणजे थॉर्न यांना विचारले, की नियमात बसेल असे काही आहे का? थॉर्न विचार करू लागले, त्यांनी बोगद्याची वाट सुचवली. कादंबरी १९८५ मध्ये आली, आणि त्याच विचारातून पुढे बोगद्यांवरचे ते गंभीर संशोधन उभे राहिले. एका कादंबरीकाराने भाडे भरायची तयारी दाखवली, तर शास्त्राला नवा रस्ता सापडला! आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. जगाने डोक्यावर घेतलेला माणूस तिकिटाच्या रांगेत नाव बदलून उभा राहतो, आणि आमचे हौशी लेखक मात्र फाटकावरून उडी मारतात.

तिसरा आक्षेप अभिमान्यांचा: ‘यात नवे काय? आमच्या पुराणात मनोवेगाची विमाने होतीच!’ पुराणाला शास्त्राचे पुस्तक ठरवू नका. त्याने दोघांचाही अपमान होतो. पण गोष्ट म्हणून ते वाचा, आणि रेवतीची कथा आठवा. ककुद्मी राजा मुलीला वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, घटकाभर गाणे ऐकत थांबला, आणि परत येतो तो सत्तावीस चतुर्युगे उलटलेली! मनात धरलेले सारे जावई, त्यांचे वंशसुद्धा, काळाने नेलेले. अखेर रेवतीचा हात बलरामाच्या हाती दिला. पुराणकाराला आइनस्टाइन ठाऊक नव्हता. पण फार लांब गेलेल्याला काहीतरी द्यावे लागते, एवढी गोष्टीची नीती त्याला पक्की ठाऊक होती. मनोवेग तेवढा उचलायचा आणि रेवतीच्या बापाची ती सत्तावीस चतुर्युगे विसरायची, ही कसली परंपरा?

वाचकहो, हा केवळ कथालेखनाचा वाद असता तर मी सणाच्या दिवसांत तुमचा वेळ घेतला नसता. पण सबंध वर्षभर आपल्या मुलांना फुकटच्या चमत्कारांची जाहिरात ऐकावी लागते. आठ दिवसांत इंग्रजी, महिन्यात दुप्पट पैसे, अभ्यासाशिवाय पहिला नंबर! ज्या मुलाने एकदा मन लावून ठरवले आहे की, ‘माझे दार पोचायला बेचाळीस वर्षे लागतील, आणि ते माझा नातू उघडील,’ त्याला असल्या जाहिरातींनी फसवणे अवघड आहे. २०११ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाच्या साठ अब्जांश सेकंद आधी पोचल्यासारखे दिसले. त्यांनी ढोल पिटला नाही. ‘आमचे कुठे चुकते आहे ते शोधा,’ असे जगाला सांगितले. शेवटी एक तार नीट न बसल्याचे सापडले. आपल्याच विजयाला ‘तिकीट दाखव’ म्हणणारी ही वृत्ती मला मुलांच्या अंगी पाहायची आहे, आणि ती धड्यांपेक्षा खेळातून लवकर येते.

या सुटीत तुमच्या अंगणात मुले किल्ला करतील. नीट पाहा, ती आधी काय करतात. बुरूज नंतर, हळिवाचे शेत नंतर, सिंहासनावरचे महाराजही नंतर. आधी पायथ्यापासून दरवाजापर्यंत चढायची वाट. वाट नसलेल्या किल्ल्याला कुठलेच मूल किल्ला म्हणत नाही. त्या मुलांच्या हाती एक कोरी वही द्या, आकाशातला एखादा तारा दाखवा, आणि एवढेच विचारा: वाट कशी करणार, आणि तिची किंमत कोण देणार? पुढचे ती लिहितील. आम्हा थोर लेखकांनी तेवढी लाज बाळगून त्यांच्या मागे रांगेत उभे राहावे, आणि खिशात हात घालून आपापले भाडे काढावे.